चार गाठी

आई गेली त्या रात्री
शेजारणींनी घड्याळ थांबवलं, आरसा झाकला,
आणि मी चुलीत लाकूड सारलं.
चूल विझू द्यायची नाही,
एवढंच तिने मला शांतपणे शिकवलं होतं.
बाकी सगळं ओरडून.

नऊ दिवस प्रार्थना. नऊ दिवस घर भरलेलं,
ओल्या लोकरीचा वास, मेंढीच्या रश्श्याचा वास,
आणि रोज संध्याकाळी कुणीतरी तीच गोष्ट काढायचं:

साठ सालच्या भूकंपानंतर
समुद्र अंगणातून मागे हटलाच नाही,
तेव्हा गावाने तिचं घर ओंडक्यांवर चढवलं
आणि सोळा बैल जुंपले, टेकडीकडे तोंड करून.
चिलोए बेटावर घरं अशीच जागा बदलतात.
सगळे म्हणाले, ओतिलिया, खाली उतर.
ती उतरली नाही. आत रस्सा शिजत होता.
एका हाताने पातेलं धरलेलं, दुसऱ्याने पोट.
पोटात मी.

"एक थेंब सांडला नाही," लोक सांगतात.
आई म्हणायची, सांडला की, अर्धं पातेलं सांडलं.
भाजल्याचा डाग पावलावर होता,
तो तिने कुणाला दाखवला नाही. मलाही नाही.
यास्नाला दाखवला.

यास्ना माझी मुलगी.
तिची आजी आणि माझी आई
या दोन वेगळ्या बायका होत्या,
हे मला या नऊ दिवसांत कळलं.

माझी आई मेणबत्ती बोटांनी मोजून जाळायची.
वडील पातागोनियात मेंढ्या कातरायला गेले,
त्यांची पत्रं ती शाळेतल्या बाईंकडून वाचून घ्यायची
उभ्यानेच, पाठीवरची टोपली न उतरवता.
मग पत्रं यायची थांबली.
त्या हिवाळ्यात तिने ओहोटीच्या वेळा पाठ केल्या.
पहाटे मांडीभर पाण्यात समुद्रशेवाळ ओढायची
आणि परत येऊन, हात अजून निळे,
माझी वेणी घालायची. इतकी घट्ट
की वर्गात माझ्या भुवया उंचावलेल्या असायच्या
आणि बाईंना वाटायचं, मला काही विचारायचंय.

यास्नाच्या आजीच्या खिशात साखरेचे खडे असायचे.
दोघी चुलीशी बसून मला नावं ठेवायच्या.
मी दाराआडून ऐकलंय, हातात ओले कपडे घेऊन.
हेवा वाटला होता.
आता सांगायला हरकत नाही.

दहाव्या दिवशी माळ्यावर चढलो.
बियाण्याचे बटाटे: जांभळे, कोळशासारखे काळे,
काही मांजराच्या पंजागत वाकडे,
आणि प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी लोकरीच्या गाठी.
आईला अक्षरं येत नव्हती, गाठी येत होत्या.
एक म्हणजे लवकर लावायचे. दोन म्हणजे उशिरा.
तीन, बाजाराचे.
हे मला ठाऊक होतं.
पण कोपऱ्यात एक लहानसं पोतं निघालं,
त्याला चार.

"चार म्हणजे काय गं?"

यास्ना माझ्याकडे बघत राहिली.
"तुला माहीत नाही?
हे फार धरत नाहीत, कीडही आधी यांनाच लागते.
तरी आजी दर वर्षी एक ओळ लावायचीच.
चार म्हणजे नोल्फा."

म्हणे मी लहान असताना, तापात,
अकरा दिवस दुसरं काही तोंडात घेत नव्हते,
फक्त हेच, राखेत भाजून, तिने फुंकून दिलेले.
मला यातलं काहीही आठवत नाही.
मला वेणी आठवते.

पन्नासाहून जास्त वर्षं. एक ओळ.
आणि मला कधी कळू दिलं नाही,
जेवताना ताटात तेच असतील तरीही.

यास्ना खाली गेली, चूल बघायला.
मी पोतं मांडीवर घेतलं.
सप्टेंबरात जमीन मऊ होईल,
तोवर मोड आलेत का ते तरी बघावं.
पहिली गाठ सुटेना. दातांनीही नाही.
नख तुटलं.

एवढी घट्ट कशाला बांधायची, आई.